संप, विद्यार्थी आणि मुंबई शहर : कोल्हापुरातील एका अभ्यासवर्गाचे परीक्षण

बिंदू चौकापासून चालत जाता येईल अशा एका लहान सभागृहात, १९२८ ते १९४६ या काळातील मुंबईचे कामगार संप आणि विद्यार्थ्यांची आंदोलने या विषयावर रविवारी संध्याकाळी भरणारा अभ्यासवर्ग नुकताच पूर्ण झाला. इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक आणि कामगार संघटनेत आयुष्य घालवलेले एक ज्येष्ठ कार्यकर्ते असे दोघे मिळून हा वर्ग चालवतात. आयोजकांनी जाहिरातीतही स्वतःची नावे मागे ठेवली असल्यामुळे ती येथे देत नाही. शुल्क भरून आणि रविवारची संध्याकाळ राखून ठेवून बसावे, या योग्यतेचा हा वर्ग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्यात एक उणीव आहे आणि ती किरकोळ नाही. वर्गाने संपकऱ्याच्या घरातील चुलीचा हिशेब फार बारकाईने मांडला. तोच हिशेब विद्यार्थ्याच्या बाबतीत मांडायचा मात्र राहून गेला.

१९२८ च्या गिरणी संपावर आपल्याकडे जी व्याख्याने होतात, त्यांत डांगे, निंबकर, मिरजकर, जोगळेकर ही कम्युनिस्ट नेत्यांची नावे येतात, लाल बावटा येतो आणि पुढच्या वर्षी कम्युनिस्ट व कामगार नेत्यांवर भरलेल्या मीरत खटल्यातील अटकांवर व्याख्यान संपते. या वर्गात प्राध्यापकांनी सुरुवातीलाच एक साधा प्रश्न विचारला. एप्रिल ते ऑक्टोबर असे जवळजवळ सहा महिने सुमारे दीड लाख कामगारांचा पगार बंद होता, तर ही माणसे जगली कशी? पहिल्या दोन बैठका जवळजवळ संपूर्णपणे या प्रश्नाच्या उत्तरासाठी खर्च झाल्या आणि माझ्या मते वर्गाचे सर्वांत मोठे यश याच निवडीत आहे.

उत्तराकडे वळण्यापूर्वी संपाचे कारण नीट समजावून देण्यात आले. तोपर्यंत मुंबईचा विणकर साधारणपणे दोन माग सांभाळत असे. काही गिरण्यांच्या मालकांनी कार्यक्षमतेच्या नावाखाली त्याच्याकडे तीन माग देण्याची आणि कताई खात्यात सूतकताईच्या यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळायला लावण्याची पद्धत सुरू केली. सहा मागांवर आधी तीन माणसे असत. नव्या पद्धतीत दोन पुरतात आणि तिसरा घरी बसतो. हे गणित फळ्यावर मांडल्यानंतर इचलकरंजीहून नियमित येणारे एक यंत्रमागधारक उठले आणि "सर, मी सांगतो" म्हणून पुढे आले. धोट्यातील, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या साधनातील, सुताची कांडी संपली की ती बदलावी लागते, ताण्याचा म्हणजे उभा धागा तुटला की माग थांबवून तो जोडावा लागतो, आणि कापडाच्या मापावर मजुरी असल्यामुळे माग थांबला तेवढा वेळ कमाईही थांबते, हे त्यांनी हातवारे करून दाखवले. सूत चांगले असेल तर जास्त माग सांभाळता येतात. कापूस हलका असेल, सूत वारंवार तुटत असेल, तर वाढवून दिलेला प्रत्येक माग म्हणजे निव्वळ धावपळ होय, हा त्यांचा मुद्दा होता. १९०४ साली पहिला यंत्रमाग आलेल्या गावातून आलेल्या माणसाकडून हे ऐकताना, मुंबईच्या कामगारांनी हलक्या कापसाविषयी केलेल्या तक्रारींचा अर्थ माझ्या प्रथमच पूर्ण लक्षात आला. श्रोत्यांना असे मध्ये बोलू देण्याची, आणि ते बोलत असताना स्वतः खाली बसून ऐकण्याची प्राध्यापकांची पद्धत विशेष उल्लेखनीय आहे.

त्यानंतर चुलीचा हिशेब आला. चाळीच्या तळमजल्यावरचा वाणी उधारीवर धान्य देत असे, कारण कामगार कायमचा बुडाला तर त्याची जुनी बाकीही बुडणार होती. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या पुरुषांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांची उधारी तर त्याहून अवघड होती, कारण त्यांना स्वतःलाच बाजारातून रोज सामान आणावे लागे. संयुक्त संप समितीने धान्यवाटपाची व्यवस्था केली. या समितीत ना. म. जोशी यांच्यासारखे मवाळ नेते आणि कम्युनिस्ट कार्यकर्ते एकत्र बसत होते. मदतनिधी गोळा झाला आणि सोव्हिएत रशियातील कापड कामगारांकडूनही पैसे आले. तरीही या सर्वांपेक्षा मोठा आधार गावाचा होता. हजारो कामगार संपाच्या काळात गावी निघून गेले. कोकणातल्या माणसाला पावसाळ्यात आगबोटी बंद होण्याआधी निघावे लागे. घाटावरच्या माणसाला मात्र रेल्वे होती, आणि आपल्या भागासाठी १८९१ पासून मिरजेहून कोल्हापूरपर्यंतचा लोहमार्ग होता.

येथे ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी जे विवेचन केले, ते मला संपूर्ण वर्गातील सर्वांत मौलिक वाटले. त्यांच्या म्हणण्यानुसार, संपाचा खर्च मोजताना समितीची पावतीपुस्तके पाहून भागत नाही. गावात मागे राहिलेली बाई वर्षभर शेत सांभाळते, मुलांना वाढवते, सासू-सासऱ्यांचे करते. मुंबईतून येणारी मनिऑर्डर थांबली की ती ओढाताण करून घर चालवते आणि शिवाय परत आलेल्या नवऱ्याच्या ताटात भाकरी घालते. गिरणीमालक सहा महिने थांबू शकला, कारण त्याच्याजवळ भांडवल होते. कामगार सहा महिने थांबू शकला, कारण त्याच्यामागे या बाईचे श्रम होते. आमच्या आजूबाजूच्या कागल, भुदरगड, शाहूवाडी भागांतील किती घरांतून माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही. तरीही संपाच्या इतिहासात आपल्या गावांचा वाटा असा मांडलेला मी तरी यापूर्वी ऐकला नव्हता.

जातीच्या प्रश्नालाही वर्गाने बगल दिली नाही, ही समाधानाची बाब आहे. विणकाम खात्यात मजुरी अधिक होती, पण धोट्याच्या छिद्रातून सूत ओढून घेताना ते तोंडाने ओढावे लागे. दुसऱ्या जातीच्या माणसाच्या तोंडाला लागलेला धोटा आपल्या तोंडाला लागेल, म्हणून स्पृश्य विणकर अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात येऊ देत नसत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न नेत्यांपुढे रोखठोकपणे ठेवला. मालकाविरुद्ध एक होणारे कामगार एकमेकांविरुद्ध खाते बंद ठेवत होते, हे सत्य सांगताना बोलणाऱ्याचा आवाज कुठेही मवाळ झाला नाही. शाहू महाराज आणि बाबासाहेब १९२० मध्ये ज्या माणगाव परिषदेत एकत्र आले, ते माणगाव येथून फार दूर नाही, याची आठवण श्रोत्यांतील एका शिक्षिकेने करून दिली. त्यावर झालेली चर्चा वेळेअभावी थांबवावी लागली. अशी चर्चा घड्याळाकडे पाहून थांबवू नये, अशी माझी आयोजकांना विनंती आहे.

१९२९ चा दुसरा संप आणि १९३४ चा संप यांचा आढावा थोडक्यात घेण्यात आला, आणि ते योग्यच होते. ७ नोव्हेंबर १९३८ चा एक दिवसाचा संप मात्र अधिक वेळ मागणारा होता. प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ असताना त्याच मंत्रिमंडळाच्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले. संप करण्याचा अधिकार म्हणजे स्वातंत्र्याचाच अधिकार होय, ही बाबासाहेबांची विधिमंडळातील भूमिका प्राध्यापकांनी सांगितली. परंतु विधेयकात नेमके काय होते, सक्तीच्या तडजोडीमुळे आणि ठरावीक मुदतीमुळे संपाची धार कशी बोथट होत होती, याचे स्पष्टीकरण अपुरे राहिले. आज कामगार कायद्यांवर बोलणाऱ्या तरुण श्रोत्यांना त्या कलमांची तुलना करता आली असती, तर त्यांना अधिक उपयोग झाला असता.

आता मुख्य उणिवेकडे येतो. विद्यार्थ्यांवरील बैठक माहितीने भरलेली होती. ३ फेब्रुवारी १९२८ रोजी सायमन आयोग मुंबईत उतरला तेव्हाची निदर्शने, त्यामागील युसूफ मेहेरअली आणि त्यांच्या युवक संघाची धडपड, १९३६ मध्ये लखनौला झालेली अखिल भारतीय विद्यार्थी फेडरेशनची स्थापना, ९ ऑगस्ट १९४२ नंतर बंद पडलेली महाविद्यालये, उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेले गुप्त रेडिओ केंद्र, १९४२ मध्ये हुतात्मा झालेला नंदुरबारचा शाळकरी शिरीषकुमार, असे सर्व काही त्यात होते. प्रत्येक गोष्ट खरी आणि प्रत्येक गोष्ट हृदयाला भिडणारी होती. तरीही ती बैठक म्हणजे धाडसी मुलामुलींची मालिका झाली. कामगार सहा महिने काय खात होता, असे ज्यांनी विचारले, त्यांनीच विद्यार्थी कुणाच्या पैशावर शिकत होता, महाविद्यालयातून काढून टाकल्यावर तो कुठे राहिला, चांगल्या वर्तणुकीचे हमीपत्र लिहून देण्याचा दबाव आल्यावर घरात काय झाले, शिष्यवृत्ती बुडण्याची भीती किती जणांना थांबवून गेली, हे का विचारू नये? आंदोलन करणारा विद्यार्थीही कुणाच्या तरी कष्टावर उभा असतो. त्याच्या मागेही शेत गहाण ठेवणारा बाप असतो, वसतिगृहाची खोली असते, खाणावळीचे बिल असते. याचा विचार न केल्यामुळे विद्यार्थी धाडसी आणि कामगार सोशिक, असे एक खोटे चित्र श्रोत्यांच्या मनात उमटण्याचा धोका आहे.

हा प्रश्न विचारला गेला असता, तर १९४२ चे कोडेही अधिक स्पष्ट झाले असते. त्या वर्षी अहमदाबादच्या गिरण्या तीन महिन्यांहून अधिक काळ बंद राहिल्या. मुंबईत मात्र गिरण्यांमधील हरताळ फार काळ टिकला नाही. फॅसिझमविरुद्धच्या युद्धात उत्पादन थांबू नये, ही कम्युनिस्टांची भूमिका होती आणि मुंबईच्या कामगारांवर त्यांचा प्रभाव होता, हे कारण सांगण्यात आले, ते बरोबर आहे. परंतु कॉलेजचा विद्यार्थी रस्त्यावर असताना गिरणीचा भोंगा वाजत होता, तेव्हा या दोघांचे एकमेकांविषयी काय म्हणणे होते, याकडे वर्ग वळला नाही. ज्येष्ठ कार्यकर्त्यांना या विषयावर बोलताना थोडा संकोच वाटत असावा, असे मला जाणवले. त्यांच्याविषयी मला पूर्ण आदर आहे आणि म्हणूनच त्यांनी या विषयावर मोकळेपणाने बोलावे, असे वाटते.

शेवटची बैठक फेब्रुवारी १९४६ च्या नाविकांच्या उठावावर होती आणि तिने आधीची बरीचशी कसर भरून काढली. १८ फेब्रुवारी रोजी 'तलवार' या नौदल प्रशिक्षण केंद्रातील नौसैनिकांनी खराब अन्न आणि अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध काम बंद केले. काही दिवसांतच सुमारे ७८ जहाजे आणि सुमारे २०,००० नौसैनिक त्यात सामील झाले. त्यांच्या मागण्यांत चांगले जेवण आणि ब्रिटिश सैनिकांइतका पगार होता, तसाच आझाद हिंद सेनेच्या कैद्यांच्या सुटकेचा आणि इंडोनेशियातून भारतीय फौजा परत बोलावण्याचा आग्रहही होता. जेवणाच्या ताटापासून सुरू झालेली तक्रार इतक्या कमी वेळात दूरच्या देशाच्या स्वातंत्र्यापर्यंत कशी पोचली, हे प्राध्यापकांनी दिवसागणिक उलगडून दाखवले. नाविकांची रसद तोडली गेली, तेव्हा गेटवेजवळ मुंबईकरांनी त्यांच्यासाठी खाद्यपदार्थ आणून दिले, हा प्रसंग त्यांनी सांगितला, तेव्हा पहिल्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचा धागा पुन्हा हाती आला.

२२ फेब्रुवारीच्या सार्वत्रिक संपाचे विवेचनही तितकेच काळजीपूर्वक होते. काँग्रेस आणि मुस्लिम लीग या दोन्ही पक्षांच्या वरिष्ठ नेत्यांचा या संपाला पाठिंबा नव्हता; हाक कम्युनिस्ट पक्षाने दिली आणि तरीही गिरण्या, कारखाने, शाळा, महाविद्यालये एकाच दिवशी ओस पडली. परळ, लालबाग, डिलाईल रोड या भागांत लष्कराने गोळीबार केला. परळमध्ये कमल दोंदे या कार्यकर्तीचा बळी गेला. त्या दोन-तीन दिवसांत मेलेल्या नागरिकांची संख्या सरकारी नोंदींनुसारही दोनशेच्या वर आहे. सरदार पटेलांच्या सल्ल्यानंतर २३ फेब्रुवारीला नाविकांनी शरणागती पत्करली. पटेलांच्या निर्णयावर श्रोत्यांत तीव्र मतभेद झाले. सत्तांतर समोर दिसत असताना सैन्यातील शिस्त मोडू न देणे त्यांना आवश्यक वाटले असेल, असे काहींचे म्हणणे होते. ज्यांच्यासाठी दोनशे माणसे मेली, त्यांना एकटे सोडले गेले, असे इतरांना वाटत होते. प्राध्यापकांनी दोन्ही बाजूंची कागदपत्रांवर आधारलेली मांडणी केली आणि निकाल श्रोत्यांवर सोपवला. माझ्यापुरते सांगायचे तर, कुणावर सूडाची कारवाई होणार नाही, हे नाविकांना दिलेले आश्वासन पाळले गेले नाही आणि त्यांच्यापैकी अनेकांना नोकरीतून काढून टाकण्यात आले, ही गोष्ट स्वतंत्र भारताच्या इतिहासात ठळकपणे शिकवली जायला हवी.

या वर्गात कोल्हापूर जवळजवळ नाही, ही दुसरी तक्रार मी पहिल्या तक्रारीशी जोडूनच मांडतो. विषय मुंबईचा आहे, हे मान्य आहे. पण विद्यार्थ्यांच्या चुलीचा हिशेब मांडायला महाराष्ट्रात कोल्हापूरइतके योग्य ठिकाण दुसरे नसेल. १९०१ मधील व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून १९०६ चे मुस्लिम बोर्डिंग आणि १९०८ चे मिस क्लार्क बोर्डिंग अशी वसतिगृहांची रांग शाहू महाराजांनी उभी केली. त्यांच्यामुळे शेतकऱ्याची आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाची मुले राजाराम कॉलेजपर्यंत पोचली. ज्या मुलाचे जेवण आणि खोली दरबाराच्या आश्रयावर अवलंबून आहे, त्याने त्याच दरबाराच्या कारभाराविरुद्ध १९३९ मध्ये स्थापन झालेल्या प्रजा परिषदेच्या सभेला जावे की नाही, हा पेच मुंबईच्या विद्यार्थ्यापुढे नव्हता. १९४० नंतर येथे राजप्रतिनिधींचा कारभार होता आणि माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार यांच्यासारखे नेते जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करत होते. जयाबाई हविरे आणि भागीरथीबाई तांबट या दोघींनी १९४२ मध्ये मुंबईचा ब्रिटिश गव्हर्नर विल्सन याचा पुतळा विद्रूप करण्याचे धाडस केले, पुढे तो पुतळा फोडण्यात आला आणि त्याच जागी १९४५ मध्ये शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा उभा राहिला. १३ डिसेंबर १९४२ रोजी गारगोटीच्या सरकारी कचेरीवर हल्ला करताना तरुण हुतात्मे झाले. १९०६ मध्ये उभ्या राहिलेल्या शाहू मिलचा भोंगा या सर्व काळात शहरात वाजत होता. बैठकीहून परतताना श्रोते शिवाजी चौकातून जातात. या शहराला किमान एक स्वतंत्र बैठक मिळायला हवी होती.

व्यवस्थेविषयी थोडक्यात सांगतो. सभागृहात पंखे आहेत, मात्र ध्वनिक्षेपक नीट चालत नसल्यामुळे मागच्या रांगांत ऐकू येण्यास अडचण होते. वयस्कर श्रोत्यांनी लवकर येऊन पुढे बसावे. प्रत्येक बैठकीला छापील टिपणे मिळतात. त्यांतील कालपट अचूक आणि उपयुक्त आहे, पण गिरणगावाच्या नकाशाची छायाप्रत इतकी पुसट आहे की लालबाग कुठे आणि वरळी कुठे, हे कळत नाही. मागाचे एक साधे रेखाचित्र जोडले असते, तर इचलकरंजीच्या गृहस्थांनी हाताने दाखवलेले सर्वांच्या संग्रही राहिले असते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना शुल्कात मोठी सवलत आहे आणि ती मागताना कुणालाही अवघडल्यासारखे होऊ नये, याची काळजी आयोजक घेतात. चहा मिळतो, आणि खरी चर्चा बहुधा चहाच्या वेळीच होते.

इतिहासाचे पदवीधर, कामगार संघटनांचे कार्यकर्ते, पत्रकार आणि ज्यांच्या घरातील कुणी मुंबईच्या गिरणीत काम केले आहे, अशा सर्वांना मी या वर्गाची शिफारस करतो. शेवटच्या गटातील श्रोत्यांनी घरातील जुनी मनिऑर्डरची पावती, गिरणीचे तिकीट किंवा पत्र असेल तर ते बरोबर न्यावे; आयोजक त्याची नोंद घेऊन प्रत काढतात आणि मूळ कागद त्याच दिवशी परत देतात. पुढील वर्ग दिवाळीनंतर सुरू होणार आहे. त्यात विद्यार्थ्यांवर दोन बैठका ठेवण्याची आणि दसरा चौकातील वसतिगृहांच्या जुन्या विद्यार्थ्यांना बोलते करण्याची सूचना मी लेखी दिली आहे. आयोजकांनी ती स्वीकारली असून, अशा माजी विद्यार्थ्यांची माहिती असणाऱ्यांनी ती सभागृहातील नोंदवहीत लिहावी, असे त्यांनी सांगितले आहे.